चेकपॅच "सगळं साफ" म्हणतो, पण ड्रायव्हर तोच राहिला का? क्लीनअप पॅच तपासायच्या टूल्सचा रिव्ह्यू

लिनक्स कर्नलच्या ड्रायव्हरमधले (हार्डवेअर चालवणाऱ्या कोडमधले) क्लीनअप पॅच, म्हणजे नुसत्या साफसफाईचे बदल, तपासायचं काम बाहेरून फार हलकं वाटतं. कुठे स्पेसच्या जागी टॅब आलाय, कुठे व्हेरिएबलचं नाव बदललंय, कुठे नको तो कंस काढलाय, बघायचं, ठीक आहे म्हणायचं आणि पुढचा पॅच उघडायचा. मी पण बरेच दिवस असाच बघायचो, आणि मग एकदा असा दणका बसला की तेव्हापासून एकेका पॅचला बसायची पद्धतच बदलली. ह्या कामात मी जी टूल्स रोज वापरतो त्यांच्याबद्दल लिहायचं खूप दिवस मनात होतं, कारण नवीन मंडळी एकच टूल चालवतात, त्यात शून्य एरर आलं की पॅच पाठवून मोकळी होतात, आणि ज्या टूलने खरा प्रश्न सुटतो त्याचं नाव पण त्यांनी ऐकलेलं नसतं.

खरा प्रश्न कुठला, तर क्लीनअप पॅचच्या वर्णनात जवळजवळ नेहमी एक वाक्य असतं, "नो फंक्शनल चेंज". म्हणजे दिसायला कोड बदलला, वागायला तोच आहे. हे वचन आहे, आणि रिव्ह्यू करणाऱ्याचं काम हे वचन पाळलंय का ते बघणं. कोड सुंदर झालाय का हा नंतरचा प्रश्न. माझा सगळा रिव्ह्यू ह्या एकाच कसोटीवर आहे: टूल मला हे वचन तपासायला मदत करतं का?

सुरुवात चेकपॅचपासून, कारण सगळ्यांची तिथूनच होते. कर्नलच्या स्क्रिप्ट्स फोल्डरमधली ही पर्ल स्क्रिप्ट. पॅच द्या, ती एकेक ओळ वाचून एरर, वॉर्निंग आणि चेक अशा तीन पातळ्यांवर तक्रारी सांगते. चेकची पातळी एरवी स्ट्रिक्ट ऑप्शन दिला तरच दिसते, पण स्टेजिंग आणि नेटवर्कच्या कोडवर ती आपोआपच चालू होते, त्यामुळे स्टेजिंगमध्ये काम सुरू करणाऱ्याला पहिल्याच दिवशी तक्रारींचा डोंगर दिसतो. (स्टेजिंग म्हणजे २००८ मध्ये २.६.२८ बरोबर आलेली ती डिरेक्टरी, जिथे अजून पुरेसे चांगले नसलेले ड्रायव्हर ठेवतात आणि हळूहळू सुधारतात. बहुतेकांच्या पहिल्या पॅचचा श्रीगणेशा तिथेच होतो.)

चेकपॅच ज्यासाठी बनवलंय त्यात ते उत्तम आहे, ह्यात वाद नाही. ओळीच्या शेवटी राहिलेली स्पेस, साइन्ड-ऑफ-बाय (पाठवणाऱ्याची सही) विसरणं, जुन्या कमिटचा (आधी नोंदलेल्या बदलाचा) उल्लेख करताना हॅश, म्हणजे त्याची ओळख, अर्धवट लिहिणं, युजरला दिसणारा एरर मेसेज दोन ओळींत तोडणं, हे सगळं ते डोळ्यात तेल घालून बघतं. मेसेज तोडायचा नाही ह्यामागचं कारण मला फार आवडतं, उद्या कोणाच्या लॉगमध्ये ते वाक्य आलं तर ग्रेप मारून (मजकूर शोधून) सोर्समध्ये सापडलं पाहिजे, तोडलंत तर सापडणार नाही. ओळीच्या लांबीची वॉर्निंग पूर्वी ८० कॅरेक्टरवर यायची, २०२० मध्ये ती मर्यादा १०० वर नेली, आणि ते बरंच झालं, कारण त्याआधी लोक निव्वळ ८० मध्ये बसवायला एका सरळ कंडिशनचे चार तुकडे करायचे आणि तो कोड वाचताना जीव मेटाकुटीला यायचा. तरी कोडिंग स्टाइलच्या डॉक्युमेंटमध्ये ८० च पसंत आहे असं अजून लिहिलेलं आहे, त्यामुळे १०० म्हणजे मोकळं रान नाही.

पण चेकपॅचला सी भाषा कळत नाही. ते ओळींवर रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे मजकूर शोधायचे साचे, चालवतं. फंक्शन कुठून बोलावलं जातंय, लॉक धरलाय का, समोरचं हार्डवेअर काय मागतंय, ह्यातलं काहीच त्याला माहीत नसतं, आणि माहीत असण्याची अपेक्षा पण चूक आहे. कर्नलच्या स्वतःच्या डॉक्युमेंटमध्येच सांगितलंय की हे मार्गदर्शक म्हणून वापरा, माणसाच्या समजुतीला पर्याय म्हणून नाही, आणि नियम मोडून कोड जास्त चांगला दिसत असेल तर तसाच राहू द्या. हे वाक्य सगळ्यांनी वाचावं असं मला मनापासून वाटतं, कारण तक्रार शून्यावर आणायची म्हणून केलेला बदल हाच सगळ्यात धोक्याचा असतो.

आता तो दणका सांगतो. एका पीसीआय कार्डच्या जुन्या ड्रायव्हरसाठी सात पॅचची मालिका आली होती, सगळी क्लीनअप. पाठवणारा नवीन होता, पण काम नीटनेटकं, प्रत्येक पॅचमध्ये एकच प्रकारचा बदल, वर्णन व्यवस्थित. पाचवा पॅच होता "न वापरलेलं व्हेरिएबल काढलं". कार्ड रीसेट करणारं फंक्शन होतं, चारच ओळी: राइटएलने (कार्डावर लिहिणारं फंक्शन) कंट्रोल रजिस्टरमध्ये (कार्डावरची नियंत्रणाची जागा) रीसेटचा बिट लिहायचा, मग रीडएलने तेच रजिस्टर वाचून टीएमपी नावाच्या व्हेरिएबलमध्ये ठेवायचं, मग यूडिलेने २० मायक्रोसेकंद थांबायचं, मग राइटएलने बिट काढायचा. टीएमपी पुढे कुठेच वापरलेलं नव्हतं. डब्ल्यू=१ (जादा वॉर्निंगचा ऑप्शन) देऊन बिल्ड केलं की कंपायलर बरोबर तिथे बोट दाखवायचा, व्हेरिएबलमध्ये किंमत टाकलीय पण वापरलेली नाही. म्हणून त्याने व्हेरिएबल काढलं आणि त्याबरोबर रीडएलची ती अख्खी ओळ काढली. वॉर्निंग गेली, चेकपॅच खूश, बिल्ड बॉटची पण काही तक्रार नाही. मी वाचलं, मला पण ते न वापरलेलंच दिसलं, मी रिव्ह्यूड-बाय (तपासलं, अशी पावती) दिलं.

काही आठवड्यांनी एकाने कळवलं की कार्ड कधी कधी बूटला उठतच नाही. नेहमी नाही. आठ-दहा वेळा नीट आणि मग एखाद्या वेळी मेल्यासारखं.

कारण काय होतं, तर पीसीआयवरचं राइट "पोस्टेड" असतं. सीपीयू लिहितो आणि पुढच्या ओळीला लागतो, ते लिहिलेलं मधल्या ब्रिजमध्ये थांबलेलं असू शकतं, कार्डापर्यंत पोचलं की नाही ह्याची वाट कोणी बघत नाही. पण त्याच कार्डावरून काही वाचलं की आधीची सगळी राइट्स पोचल्याशिवाय त्या वाचण्याचं उत्तर येत नाही. म्हणजे त्या रीडएलचं काम किंमत आणणं नव्हतंच, राइटला पुढे ढकलणं हे होतं. ती ओळ गेल्यावर झालं असं की २० मायक्रोसेकंदांचं घड्याळ सीपीयूकडे सुरू झालं आणि रीसेटचा बिट अजून वाटेतच, मग दुसरं राइट आलं, आणि कधी कधी दोन्ही जवळजवळ पाठोपाठ कार्डावर जाऊन आदळली. डेटाशीट म्हणते रीसेट किमान २० मायक्रोसेकंद धरा, कार्डाला मिळाला त्याच्या कितीतरी कमी. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात ते हेच. ड्रायव्हर लिहिणाऱ्याने तिथे एक ओळ कमेंट टाकली असती तर आम्ही दोघंही वाचलो असतो, पण त्याला बोल लावून काय उपयोग, तपासणारा मी होतो.

आणि गंमत नाही, खरी काळजीची गोष्ट अशी की त्याच चार ओळींत दुसरा सापळा पण होता. यूडिलेमध्ये १० किंवा जास्त मायक्रोसेकंद दिले की चेकपॅच स्ट्रिक्टमध्ये सांगतं, त्यापेक्षा यूस्लीप-रेंज वापरा. सल्ला म्हणून बरोबरच आहे, यूडिले सीपीयूला नुसतं गोल गोल फिरवत ठेवतं, यूस्लीप-रेंज तेवढा वेळ त्याला दुसरं काम करू देतं. पण हेच रीसेट फंक्शन टाइमआउट हँडलरमधून स्पिनलॉक (मिळेपर्यंत सीपीयू फिरत वाट बघतो असा लॉक) धरून पण बोलावलं जात होतं, आणि स्पिनलॉक धरून झोपता येत नाही. केलंत तर "शेड्युलिंग व्हाइल अ‍ॅटॉमिक" येणार, तेही टाइमआउट झाला तरच, म्हणजे तुमच्या टेबलावर कधीच नाही आणि दुसऱ्याच्या मशीनवर कधीतरी. हा बदल मालिकेच्या सहाव्या पॅचमध्ये होता आणि तो मात्र मी तेव्हाच थांबवला होता, कारण झोपणारं फंक्शन दिसलं की ते कुठून कुठून बोलावलं जातंय ते बघायची सवय आधीपासून होती. रीडएलच्या बाबतीत तशी सवय नव्हती. तुम्ही असे पॅच टेस्ट करत असाल तर कर्नल कॉन्फिगमध्ये डीबग-अ‍ॅटॉमिक-स्लीप चालू ठेवाच, तो वाट तुडवली गेली की लगेच ओरडतो.

त्या प्रकरणानंतर मी शोधायला लागलो की "वागणं तेच आहे" हे मशीनकडूनच वदवून घ्यायची काही सोय आहे का, आणि ती कर्नलच्या स्क्रिप्ट्स फोल्डरमध्येच पडलेली होती. ऑब्जडिफ. २०१४ पासून तिथे आहे, छोटीशी शेल स्क्रिप्ट, बारीकसारीक बदलांचा कंपाइल झाल्यावर काय परिणाम झाला ते तपासायला म्हणूनच लिहिलेली. वापर अगदी सोपा: पॅचच्या आधीचं कमिट चेकआउट करा, बिल्ड करा, ऑब्जडिफ रेकॉर्ड म्हणून ऑब्जेक्ट फाइल (कंपाइल झालेला कोड) द्या, मग पॅच लावलेलं कमिट चेकआउट करा, परत बिल्ड, परत रेकॉर्ड, आणि शेवटी ऑब्जडिफ डिफ. ती दोन्ही फाइल्सचं डिसअसेंब्ली (मशीनच्या सूचनांची यादी) काढते, पुढचे पत्ते कापते आणि फरक दाखवते. नाव बदललं, टॅब बदलले, कंस काढले, कमेंट हलवली, तर उत्तर कोरं यायला पाहिजे. कोरं आलं की वचन पाळलं. एवढं सरळ उत्तर मला दुसऱ्या कुठल्याच टूलने दिलेलं नाही.

मी तो पाचवा पॅच मुद्दाम परत लावून बघितला. एक एमओव्ही इन्स्ट्रक्शन गायब, लाल रंगात, समोर. पंधरा मिनिटांचं काम, आणि ते तेव्हा केलं असतं तर पुढचं सगळं वाचलं असतं. मग रीडएल ठेवून फक्त टीएमपी काढून बघितलं, उत्तर कोरं. म्हणजे त्या मुलाचा हेतू पण साधला असता आणि कार्ड पण जिवंत राहिलं असतं.

ह्याचा सगळ्यात जास्त फायदा मला मॅजिक नंबरच्या पॅचमध्ये होतो. जुन्या ड्रायव्हरमध्ये रजिस्टरचे बिट सरळ हेक्समध्ये ठोकलेले असतात आणि कोणीतरी डेटाशीट घेऊन बसतो आणि प्रत्येकाला नाव देतो, फार चांगलं आणि कष्टाचं काम आहे, पण चाळीस डिफाइन एकेक करून डोळ्यांनी पडताळायचे म्हणजे तिसाव्यानंतर डोळे फक्त सरकत असतात. अशाच एका पॅचवर ऑब्जडिफ चालवलं तर सगळ्या फाइलमध्ये एकच ओळ वेगळी आली, हेक्स २००० च्या जागी हेक्स १०००. बिट १३ च्या जागी बिट १२ लिहिला गेला होता. मी तो पॅच आधी दोनदा वाचला होता आणि दोन्ही वेळा मला दिसला नव्हता. ऑब्जडिफ कोरं आलं की मग मी डोळे फक्त नावं बरोबर आहेत का ह्यासाठी वापरतो, जे मशीनला कळणारच नाही.

उणिवा पण आहेत. ओळी वर-खाली सरकल्या की वॉर्न-ऑनसारख्या मॅक्रोमधला ओळ नंबर बदलतो आणि तो फरक म्हणून दिसतो, ते ओळखायला शिकावं लागतं. बिल्ड करताना डीबग इन्फो बंद ठेवा, नाहीतर फरकांचा पूर येईल आणि त्यात खरा फरक वाहून जाईल. फंक्शनचा क्रम बदलला की सगळंच हललेलं दिसतं, तिथे ह्याचा उपयोग जवळजवळ संपतो. आणि एका आर्किटेक्चरवर कोरं आलं म्हणजे सगळीकडे कोरं असं नाही, इफडेफमधला जो भाग तुमच्या कॉन्फिगमध्ये बिल्डच होत नाही त्याबद्दल ते काहीच सांगत नाही. तरीपण पाचपैकी पाच. माझ्या कामात ह्याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही आणि ह्याच्याबद्दल इतकं कमी बोललं जातं ह्याचं वाईट वाटतं.

कॉक्सिनेल वेगळ्या जातीचं टूल आहे. फ्रान्स आणि डेन्मार्कमधल्या संशोधकांनी बनवलेलं, त्यात सिमँटिक पॅच लिहायचा, म्हणजे "ह्या आकाराचा कोड दिसला तर तो असा कर", आणि ते सी भाषा समजून घेऊन बदल करतं, नुसतं शोधा-आणि-बदला नाही. २०१७ मध्ये ४.१५ साठी कर्नलभरातल्या टायमरचं सेटअप-टायमर जाऊन टायमर-सेटअप झालं तेव्हा इतक्या ड्रायव्हरमधले कॉलबॅक हाताने बदलणं कोणाला झेपलं नसतं, त्यातलं बरंचसं ह्याच्याच जोरावर झालं. रिव्ह्यू करणाऱ्याला फायदा असा की पाठवणाऱ्याने सिमँटिक पॅच वर्णनात दिला असेल तर दोनशे जागा वाचण्याऐवजी तो दहा ओळींचा नियम नीट वाचायचा आणि मग निकालातल्या थोड्या जागा निवडून बघायच्या. स्वतः चालवायचं तर मेक कॉक्सिचेक आहे. वेळ खातं, मोठ्या डिरेक्टरीवर लावून चहा नाही तर जेवणच करून या, आणि नियम लिहायला शिकायला सुरुवातीला बराच धीर लागतो. रोजचं टूल नाही, पण लागतं तेव्हा पर्याय नाही.

स्पार्सबद्दल थोडक्यात. लिनस टोरवाल्ड्सने २००३ मध्ये सुरू केलेलं, बिल्डला सी=१ दिलं की चालतं. क्लीनअपच्या नावाखाली कोणी टाइप "साधे" केले, म्हणजे एलई-३२ (बाइट्सचा क्रम ठरलेला टाइप) च्या जागी यू-३२ केलं किंवा आयओमेमची (पत्ता हार्डवेअरचा आहे असं सांगणारी) खूण काढली, की हे पकडतं. एक्स-८६ स्वतःच लिटल एंडियन (खालचा बाइट आधी) असल्यामुळे असली चूक तिथे चालवून कधीच दिसणार नाही, म्हणून मी टाइपला हात लावलेला प्रत्येक पॅच स्पार्समधून काढतो. स्मॅच त्याच्या पुढे जाऊन फंक्शनच्या आतली वाट बघतं, एखाद्या एरर पाथवर लॉक सोडायचा राहिला वगैरे. दोन्हींच्या जुन्या वॉर्निंग इतक्या असतात की आधीची यादी आणि नंतरची यादी ह्यांचा फरकच बघायचा, सगळी वाचत बसायची नाही.

गिटच्या दोन ऑप्शनबद्दल न लिहिणं अन्याय होईल. डॅश डब्ल्यू दिलं की स्पेसचे बदल दिसेनासे होतात, आणि "फक्त इंडेंटेशन" म्हणणाऱ्या पॅचवर ते दिलं तर पडदा रिकामा व्हायला पाहिजे, नाही झाला तर तिथेच थांबायचं. आणि कलर-मूव्ह्ड, २०१७ मध्ये गिट २.१५ मध्ये आलं, हललेल्या ओळी वेगळ्या रंगात दाखवतं, म्हणजे कोणी फंक्शन एका फाइलमधून दुसरीकडे नेताना मध्येच एक ओळ बदलली असेल तर ती त्या रंगातून वेगळी उठून दिसते. मालिकेचं दुसरं व्हर्जन आलं की रेंज-डिफ, दोन व्हर्जनमधला फरक दाखवणारं. हे तिन्ही मी न विचार करता चालवतो.

आता जिथे एकही टूल धड मदत करत नाही तो प्रकार, आणि आजकाल क्लीनअपमध्ये हाच सगळ्यात जास्त येतो: डेव्हएमवर न्यायचं. डेव्हएमची फंक्शनं २००७ मध्ये २.६.२१ बरोबर आली, त्यांनी घेतलेली मेमरी, इंटरप्ट (हार्डवेअरची हाक), क्लॉक ड्रायव्हर सुटताना आपोआप परत जातात, एरर पाथवरचे सगळे गोटू (सफाईच्या ओळींकडच्या उड्या) उडतात आणि कोड सुतासारखा सरळ होतो. वाचायला इतकं छान वाटतं की हो म्हणावंसंच वाटतं. पण आपोआप म्हणजे कधी, तर रिमूव्ह फंक्शन (ड्रायव्हर सुटताना चालणारं) पूर्ण झाल्यावर, घेतल्याच्या उलट्या क्रमाने. समजा कोणी फक्त रिक्वेस्ट-आयआरक्यू (इंटरप्ट मागून घेणं) डेव्हएमवर नेलं आणि क्लॉक बंद करणं रिमूव्हमध्येच राहिलं. आधी फ्री-आयआरक्यू व्हायचं मग क्लॉक बंद व्हायचा, आता क्लॉक आधी बंद होतो आणि इंटरप्ट अजून जिवंत आहे, तेवढ्या फटीत इंटरप्ट आला की हँडलर क्लॉक नसलेल्या हार्डवेअरचं रजिस्टर वाचायला जातो, आणि काही बोर्डांवर मशीन तिथेच गोठतं. हे डिफमध्ये दिसत नाही कारण रिमूव्हमधली एक ओळ नुसती कमी झालेली असते. चेकपॅच गप्प, कंपायलर गप्प, ऑब्जडिफ फरक दाखवणार पण फरक तर अपेक्षितच आहे. इथे मी अजूनही कागद घेतो. डावीकडे जुना सुटण्याचा क्रम, उजवीकडे नवा, आणि दोन्ही बाजू जुळल्या नाहीत तर पाठवणाऱ्याला विचारतो. २०२३ मध्ये ६.५ पासून आलेल्या गार्डचं (लॉक आपोआप सोडायची सोय) पण तसंच, म्युटेक्स (लॉकचाच एक प्रकार) सोडायची ओळ लिहावी लागत नाही पण लॉक आता स्कोप संपेपर्यंत धरलेला राहतो, आणि पूर्वी लॉक सोडल्यावर बोलावलेलं एखादं फंक्शन आता लॉकच्या आत आलंय का हे बघावंच लागतं. लॉकडेप (लॉकच्या चुका पकडणारी कर्नलची तपासणी) चालू असेल तर चालवताना सांगेल, पण ती वाट चालवली गेली पाहिजे ना.

म्हणून मला विचाराल तर चेकपॅच पाठवणाऱ्याने चालवायचं टूल आहे आणि त्यासाठी त्याला मी चार देईन, रिव्ह्यू करणाऱ्याने त्याच्या भरवशावर राहायचं म्हटलं तर दोनच. नवीन लोकांना माझी मनापासून विनंती, नाव बदलणारा किंवा नुसती सफाई करणारा पॅच पाठवाल तेव्हा वर्णनात "ऑब्जेक्ट फाइलमध्ये फरक नाही, तपासलंय" एवढी एक ओळ घाला. समोरच्याचा अर्धा तास वाचतो आणि तुमच्या पुढच्या पॅचकडे तो वेगळ्या नजरेने बघतो.

त्या कार्डाच्या ड्रायव्हरमध्ये रीडएल परत आलं. दुरुस्तीचा पॅच त्याच मुलाने पाठवला, फिक्सेस टॅग (कुठल्या पॅचची चूक सुधारली ते सांगणारा) लावून, टीएमपीशिवाय, आणि वर दोन ओळींची कमेंट: हे वाचन रीसेटचं राइट कार्डापर्यंत पोचवण्यासाठी आहे, काढू नये. डब्ल्यू=१ ची वॉर्निंग पण नाही, चेकपॅचची पण तक्रार नाही, आणि ज्याने कळवलं होतं त्याने पन्नास वेळा बूट करून टेस्टेड-बाय दिलं.